जाळ्यांखालचा ओंडका

१९९७ चा माघ महिना होता. प्राणहितेचं पाणी गुडघ्यावर आलेलं. चंद्रपूरच्या कॉलेजात शिकवणारा भूपेश वही घेऊन आमच्या घाटावर उतरला, तेव्हा माझ्या भावाची मुलगी कुंता डोंगा काठावर ओढत होती. त्यानं मदतीला हात पुढे केला... तिनं तो नुसत्या नजरेनंच मागे सारला.

इंग्रजांच्या काळी इथलं सागवान नदीनं समुद्रापर्यंत जायचं, त्याची जहाजं व्हायची, असं तो सांगे. तेव्हाच्या शिक्क्याचा एक ओंडका सापडला की त्याचा प्रबंध पुरा होणार होता.

ओंडका होता. आजोबांपासून आमचे डोंगे त्यालाच बांधलेले. पण सागवान विचारणारा वहीवाला म्हणजे जंगल खात्याचाच, ही आमची पक्की समजूत. माझ्या भावानं, गोविंदानं, लगेच त्यावर घरातली सगळी जाळी टाकली. भूपेश तीन दिवस त्याच जाळ्यांवर बसून कुंताशी गप्पा मारत राहिला, आणि तीन दिवस आमच्या चुलीवर मासळी चढली नाही.

चौथ्या दिवशी तो निघाला.

"तीन दिवस काय लाकडासाठीच बसले होते?" कुंतानं विचारलं.

"पहिल्या दिवशी... लाकडासाठी."

ती हसली. "एक दाखवलं, तर माह्या बाबाले धरून नेतीन?"

"मी मास्तर आहो, कुंता."

"तसं सगळेच सांगतेत."

त्यानं वही तिच्या हातात दिली. "तुह्यापाशी ठेव. तू म्हणशील तेच लिहीन."

कुंतानं जाळी ओढली. झिजलेल्या लाकडावर इंग्रजी अक्षरांचा शिक्का होता. भूपेश त्यावरून हळूच बोट फिरवत राहिला. तेवढ्यात वल्हं उगारून गोविंदा धावत आला.

"बाबा, वही माह्यापाशी आहे," कुंता मध्ये उभी राहून म्हणाली. "आता माणूसही माह्यापाशीच राहीन."

गोविंदानं वल्हं खाली ठेवलं. वैशाखात लग्न झालं.

भूपेशनं ओंडक्याबद्दल अक्षरही लिहिलं नाही. त्यानं विषय बदलून आमच्या डोंग्यांवर प्रबंध केला. सगळी माहिती सासऱ्यानंच दिली. गोविंदा २००९ साली गेला. कुंता चंद्रपुरात मासळीचं दुकान चालवते. नवऱ्यानं तिला तीनदा समुद्र दाखवला. ती म्हणते, पाणी पुष्कळ आहे, पण पलीकडचा काठ दिसत नाही, म्हणून तिनं त्याचा हात सोडला नाही.