निर्व्यसनी जावई

ललिता बेपत्ता झाल्याची तक्रार तिच्या नवऱ्याने दिली आणि तासाभरात तिचा भाऊ चंदर सातपूरच्या पोलीस चौकीत आणून बसवला गेला.

"यानंच केलंय, मॅडम," हवालदार म्हणाला. "परवा गल्लीत ओरडत होता, नवरा सोडून परत आलीस तर जीव घेईन. फुल्ल टाइट."

"बोललो मी," चंदर मान खाली घालून म्हणाला. "तोंड घाण हाय माझं. पण बहिणीवर हात नाय टाकला कधी."

फौजदार आरोही खैरनार ललिताच्या आईकडे वळली. "वत्सलाबाई, परवा ती माहेरी आली होती?"

"आली व्हती. खंडेरावभाऊंनी बैठक घेतली अन् नांदायला धाडली."

"ती काय म्हणाली?"

"काय म्हणणार? आठवडा झाला, घसा बसलाय. नुसती कुजबुज. घास गिळवंना. म्हटलं, हळद-दूध घे."

"ताप? खोकला?"

"नाय बा."

"मानेवर काही दिसलं?"

"दिसंल कसं? घरातबी स्कार्फ गुंडाळून बसायची. या उन्हात!"

आरोही ताडकन उठली.

ललिताच्या सासरी दारात नवऱ्याच्या वर्कशॉपचा छोटा टेम्पो उभा होता. घरात नवरा मनोज आणि त्याच्या बाजूला बसलेले खंडेराव, समाजाचे पुढारी. खुंटीवर स्कार्फ लटकत होता.

"सकाळी पेठच्या बसमध्ये बसवलं," मनोज हळू आवाजात म्हणाला. "मावशीकडं जाते म्हणाली. पोचलीच नाही."

"भांडण?"

"छे! खिडकीतून ओरडून सांगितलं तिनं, डबा ओट्यावर ठेवलाय, जेवून घ्या." त्याने डोळे पुसले. बाही ओली होती. मशीनवर सोडतात त्या दुधाळ तेलपाण्याचा वास आला.

"आज कामावर गेला होतात?"

"शनिवारी सुट्टी असते, मॅडम. अंबडच्या वर्कशॉपात चिटपाखरू नसतं."

"मॅडम, मी बैठकीत सगळं विचारलंय," खंडेराव म्हणाले. "दारू नाही, तंबाखू नाही. असा जावई शोधून सापडणार नाही."

"वर्कशॉपची किल्ली काढ," आरोही मनोजला म्हणाली.

त्यानं खंडेरावांकडे बघत खिशातून किल्ली काढली.

लेथ मशीनच्या मागे, सांडलेल्या तेलपाण्यात, ड्रमांच्या आड ललिता पडली होती. श्वास चालू होता. मानेवर बोटांचे पिवळे पडलेले जुने वळ, आणि त्यांच्यावर लाल, ताजे.

ॲम्ब्युलन्स गेली. खंडेराव फाटकाशी घाम पुसत उभे होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

"जिचा आवाजच बसलाय, ती बसच्या खिडकीतून ओरडली म्हणे. घरातसुद्धा स्कार्फ न काढणारी बाई तो खुंटीवर ठेवून गावाला गेली म्हणे. सुट्टीच्या दिवशी टेम्पो दारात आणि बाही ओली. त्यानं घरीच गळा दाबला, मेली समजून टेम्पोत घातली आणि इथं आणून टाकली. प्रेताची विल्हेवाट लावायला अंधार पडायची वाट बघत बसला होता."

"पण आम्हाला काय माहीत..."

"बसलेला घसा तुमच्यासमोर बसला होता, भाऊ! आठवड्यापूर्वीच दाबला होता त्यानं. एकदा बायकोच्या गळ्याला हात घातलेला माणूस पुढच्या वेळी तिला मारू शकतो. बैठकीत विचारायचं होतं ते हे. तुम्ही विचारली दारू. बोंबलणाऱ्याला आम्ही चौकीत बसवला, आणि गळा दाबणाऱ्याच्या हातात तुम्ही पोरगी परत दिलीत."

जीपमध्ये मनोज शांत बसला होता. शर्ट इस्त्रीचा.

"पण पोरगा कायम शुद्धीत असतो हो," खंडेराव पुटपुटले.

"तेच तर सांगतेय," आरोही म्हणाली. "शुद्धीत दाबलाय. दोन्ही वेळा."