गिरमाजीशेटची मागपट्टी

सांगितलं तर कुणी मानायचं नाही, शपथ घेतली तर लोक हसतील. पण सावळगड एवढा उंच होता की पायथ्याच्या पेठेत पहाटे आरवलेला कोंबडा माचीवरच्या पहारेकऱ्याला जेवणवेळी ऐकू येई. अशा त्या गडाच्या तटावर एके दिवशी तांबडं फुटलं, आणि त्या उजेडात नदीच्या दोन्ही काठांना गनिमाचे तंबू दिसले. नगारा झडला. पेठ गडावर निघाली.

राज्याचा कायदा पेठेत पोरासोरांनाही पाठ होता. घरधन्याने घरच्या माणसांची घरपट्टी भरावी, ज्याच्या पदरी कारागीर असतील त्याने दर कारागिरामागे मागपट्टी भरावी. त्या पट्टीतून गडाची कोठारं भरावीत, आणि ज्याची पट्टी पोचली त्याच्या गळ्यात सरकारने तांब्याचा बिल्ला घालावा. वेढा पडला की बिल्ला त्याला आसरा, बिल्ला त्याला दाणा.

गिरमाजीशेट साळ्याचे पाय जड झाले होते, ते काही चढणीने नव्हे. शेजारी बायको चिमाई, मागे तीन विणकर: म्हातारा लिंगू, बहिरू आणि बहिरूची बायको गोदू. शेटच्या तळघरातल्या मागांवर राबणारी ही माणसं सरकारला ठाऊकच नव्हती. दर दिवाळीला त्यांच्या मजुरीतून तो मागपट्टी कापून घेई, आणि ती सरकारात न भरता नव्या सुतात घाली. विचारलं की म्हणे, "बिल्ले माझ्यापाशी जपून ठेवलेत."

"शेट, काढा की आता," दरवाजाशी लिंगू हसला. "इतके जपलेत, की एव्हाना अंडी घातली असतील त्यांनी."

खुद्द किल्लेदार दारकोजीराव दरवाजात उभे होते. "हे तिघे कोणाच्या पदरचे?"

'ठाऊक नाही' एवढं म्हटलं की सुटका होती. शेटच्या जिभेवर ते शब्द आलेही. मग त्याने लिंगूचं हसू मावळताना पाहिलं.

"माझ्या पदरचे, सरकार. यांनी पट्टी दिली. मी ती खाल्ली. मला कडेलोट करा, पण यांना आत घ्या."

दारकोजीरावांनी आतल्या कोठारांकडे बोट केलं. "शेट, तुमचा कडेलोट करून कोठारात दाणा वाढला असता, तर आम्ही क्षणाचाही विलंब केला नसता. जी पट्टी आलीच नाही, तिचं धान्य आम्ही कोठून आणावं? यांना आत घ्यावं, तर कोणाच्या तोंडचा घास काढावा?"

शेटने आपला बिल्ला काढला आणि बहिरूच्या गळ्यात घातला.

"अहो, थांबा." चिमाईने स्वतःचा बिल्ला उतरवला. "त्या पैशाची लुगडी मीही नेसले आहे. ये गं गोदू."

"वहिनीसाहेब, नको!" गोदू रडू लागली.

"गप. डोकं वाकव."

राहिला लिंगू. शेटने त्याच्या पायांना हात लावला, तशी म्हातारा मागे सरकला. "उठा शेट. मला दाणा मिळून तरी काय, चावायला दात कुठायत?" पण ते बोलताना शेटकडे त्याने पाहिलं नाही.

बहिरू-गोदू आत गेले. तिघांना बाहेर ठेवून अडसर पडला. खालून घोड्यांच्या टापा चढू लागल्या.

आता पुढचं ऐका! त्या टापा ऐकून दारकोजीरावांचं काळीज लोण्यासारखं वितळलं, दरवाजा करकरत पुन्हा उघडला, तिघांना आत ओढलं, वरून वानरांनी धोंड्यांचा असा मारा केला की गनीम तंबू टाकून पळाला, आणि लिंगूला तर नव्याने बत्तीस दात—

"खोटं!" गोष्ट ऐकत बसलेली साळीआळीची पारूबाई सूत गुंडाळता गुंडाळता थांबली. "दार उघडलं असतं, तर नवा ताणा चढवताना आम्ही तीन धागे मागाबाहेर का सोडतो? माझी आजेसासू ते धागे सोडताना दरवेळी रडायची. ती गोदूची नात होती."