जपानहून आलेली सुई

“चोर कोण, तें मज माहीत आहे,” अनंतराव म्हणाले. “तो चोर नाही, एवढं तुम्ही शोधून द्या.”

विद्युलताबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. चेन्नईत, नुंगंबाक्कममधल्या त्यांच्या ऑफिसात मुलींचे बाप होणाऱ्या जावयाची चौकशी करायला यायचे, बायका नवऱ्याचा माग काढायला यायच्या. असं उलटं काम घेऊन आजवर कुणी आलं नव्हतं.

कोपऱ्यात उमाकांतांनी वही उघडली. रेल्वेच्या कारकुनीतून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. तांबरमच्या घरात भिंतींशी बोलून कंटाळा आला, म्हणून ते इथं बिनपगारी टिपणं घ्यायला यायचे. बाई त्यांना मदतनीस म्हणत. मदत नेमकी किती होत असे, ते विचारू नये.

“सुरुवातीपासून सांगा,” बाई म्हणाल्या.

अनंतराव तंजावरकडचे. आवडी नावाच्या उपनगरातल्या संरक्षण कारखान्यात चौतीस वर्षं सूक्ष्ममापनाची यंत्रं सांभाळून निवृत्त झालेले. रेकॉर्ड ऐकण्याचा एकच षोक. टर्नटेबलाच्या दांडीच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी डबी असते आणि तिच्या पोटात सुई. तिला म्हणतात कार्ट्रिज. अनंतरावांनी जपानी बनावटीचं एक उंची कार्ट्रिज घ्यायचं ठरवलं, आणि त्यांची साडेसाती सुरू झाली.

चेन्नईभर फिरले, पण एकाही दुकानात ते ऐकून पाहायला मिळेना. आंबासुद्धा चाखून देतात. स्कूटरच्या किमतीची ही सुई मात्र न ऐकता घ्यायची, आणि डबीचं सील तोडलं की परत नाही. पहिलं आलं ते दांडीला जड. दुसऱ्याची सुई वाकलेली, कारण वाटेत कुणीतरी बोट लावून पाहिलं होतं. परीक्षणं वाचावीत तर एक म्हणे मधासारखा आवाज, दुसरा म्हणे निव्वळ पत्रा. यात एकोणीस महिने गेले.

“तिसरं नवरात्रात आलं,” अनंतराव म्हणाले. “व्यंकोजीनं बसवून दिलं. अय्यो, काय सांगूं! वीणेच्या तारेवर बोट सरकतं, तें सरकणं ऐकूं आलं. चार दिवस ऐकलों. मग सरस्वतीपूजा आली, मशीन पूजेला बसवलों. दसऱ्यानंतर घरची आवराआवर झाली. आठवड्यानं पुन्हा लावलों, तर डोकं उठलं. कोणी तरी आतली सुई बदलली.”

“व्यंकोजी कोण?”

“चाळीस वर्षांचा मित्र. संगीतसभांच्या कचेऱ्यांना, म्हणजे गाण्याच्या बैठकांना, माइक लावून देतो. त्या आठवड्यांत मी बाहेर असतां तो घरीं येऊन गेला. शेजारणीकडून किल्ली घेतली, आपलीं हत्यारं न्यायला म्हणून.”

“त्यांना विचारलंत?”

“विचारलों नाही. सभेच्या सेक्रेटरीस सांगितलों. मार्गळी महिन्याच्या कचेऱ्यांना त्यास बोलावणार नाही म्हणाले.” अनंतराव थांबले. “माझी बायको राजस जाऊन दोन वर्षं होत आलीं. ती गेल्यावर माझ्या घरीं येणारा तो एकटाच. तो चोर ठरला तर मज कोणी उरत नाही.”

उमाकांतांनी हे वाक्य वहीत लिहिलं नाही. त्यांना ते लिहवेना.

*

दुसऱ्या दिवशी दोघं आवडीला गेली. अनंतरावांचा हॉल ऐसपैस होता आणि त्यात काहीच नव्हतं. समोर टर्नटेबल, दोन बाजूंना दोन उंच स्पीकर, मधोमध एक खुर्ची. बाकी नुसती चकचकीत फरशी आणि बिनपडद्याच्या खिडक्या. उमाकांतांच्या हातून किल्ल्यांचा जुडगा पडला, तर देवळात घंटा पडल्यासारखे सगळे दचकले.

“फक्त ऐकण्याची खोली केलों,” अनंतराव अभिमानानं म्हणाले. “मधे कांही नको.”

बाईंनी हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. छताला पाल होती. ती हलली नाही.

मग अनंतरावांनी वीणेची रेकॉर्ड लावली. उमाकांतांना आवाज कर्कश वाटला, पण मोठ्यानं लावलं की असंच होत असेल, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

“हा हेडफोन चालतो का?” बाईंनी विचारलं.

“चालतो. दुकानदारानं फुकट दिलेला. मी कधीं लावत नाही. त्यानं काय कळणार?”

“उमाकांतराव, तुम्ही ऐका.”

उमाकांतांनी हेडफोन चढवला आणि पाच मिनिटं काढलाच नाही. जणू कुणी अगदी शेजारी बसून वाजवत होतं. तारेवरून बोट सरकत वर गेलं, तेव्हा त्यांच्या अंगावर काटा आला. इतक्या जवळ कुणी येऊन बसल्याला त्यांना खूप दिवस झाले होते.

“मला तर फार छान वाटलं,” ते म्हणाले.

अनंतरावांनी दयेनं त्यांच्याकडे पाहिलं. “तुम्हांस कान नाही,” ते म्हणाले.

*

शेजारची कौमुदी मूळची अमरावतीची. नवरा त्याच कारखान्यात. तिनं आल्या आल्या कॉफी पुढे केली.

“काकूंचा नवरात्रातला कोलू यंदा मीच मांडला,” ती म्हणाली. “नऊ पायऱ्या, दीडशे बाहुल्या. गेल्या वर्षी दुःखाचं वर्ष म्हणून राहिला होता. रोज संध्याकाळी वीस-पंचवीस बायका यायच्या, रेशमी पट्टूच्या साड्या नेसून. प्रसादाचं सुंडल वाटायचं, काका वीणा लावायचे. किती दिवसांनी त्या घरात जान आली होती हो! आणि दसरा झाल्यावर काका म्हणाले, सगळं घेऊन जा. बाहुल्या, पायऱ्यांवरची जाड कापडं, जमखाने, पडदे, गाद्या, दुसरी खुर्ची, काकूंच्या साड्यासुद्धा. म्हणाले, कुणालाही दे. मला नाही देववलं. माझ्या माळ्यावर पडलंय सगळं.”

“मशीनला कुणी हात लावला होता?”

“सरस्वतीपूजेला गंध-कुंकू मीच लावलं, झाकणावर. आणि नंतर व्यंकोजीकाका किल्ली घेऊन गेले. पाच मिनिटांत परत आले. तोंड उतरलेलं होतं. कॉफी घ्या म्हटलं तर थांबले नाहीत.”

उमाकांतांनी वहीत ‘गंध’ लिहून खाली दोन रेघा मारल्या.

दुकानदार उदयसिंह नुंगंबाक्कमचाच. त्यानं रजिस्टर उघडून आधीच सांगून टाकलं, “सार, सील फोडलं की परत नाही.”

“परत द्यायला आलो नाही,” बाई म्हणाल्या. “आतली सुई बदलता येते?”

“या गावात नाही. जपानलाच पाठवावी लागते. लवकरात लवकर दोन महिने. आणि अख्खं कार्ट्रिज बदललं म्हणाल, तर अनंतराव ते घेऊन आले होते. अंगावरचा नंबर मी भिंगातून पाहिला, तोच आहे. सुईही स्वच्छ आहे.”

“तुम्हीच आधी बनावट दिलं असेल!” उमाकांत अचानक ओरडले.

“मग पहिले चार दिवस ते मधासारखं कसं वाजलं, सार?”

उमाकांतांनी वहीत डोकं घातलं.

*

व्यंकोजी तांबरमला राहत, उमाकांतांच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे. सहा वर्षांत दोघांची कधी गाठ पडली नव्हती. खोलीभर जुने ॲम्प्लिफायर, आणि त्यांच्यामधे एक किडकिडीत म्हातारा.

“हत्यारं आणायला गेलों,” ते म्हणाले. “खरं तर ऐकायला गेलों होतों. तो येईतों बसूं म्हटलं. दोघे नेहमी समोर बसायचों. त्याची एक खुर्ची, दुसऱ्या खुर्चीवर मी. खालीं जमखाना. आंत जाऊन पाहतों तर एकच खुर्ची! हॉल धुवून पुसून रिकामा. मज काय समजायचं तें समजलं. हत्यारं उचललों, निघालों.”

“मशीन लावून पाहिलंत?”

“ज्याच्या घरीं बसायला जागा नाही, त्याच्या मशीनला मी हात लावीन?”

“सभेचं कळलं?”

“कळलं.” व्यंकोजींनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. “चाळीस वर्षं माइक लावलों. एक दिवस शिट्टी मारूं दिली नाही. तें जाऊं दे. त्यानं मज विचारायचं होतं.”

परतताना उमाकांत म्हणाले, “बाई, माझं ठरलं. गंध. ते सुईला लागलं.”

“गंध झाकणावर लावलं, उमाकांतराव. सुई झाकणाखाली असते.”

“मग?”

“मग काखेत कळसा आणि गावाला वळसा. रविवारी चारला सगळ्यांना आवडीला बोलवा. कौमुदीला सांगा, माळ्यावरचं सगळं घेऊन या. आणि त्या पट्टूवाल्या बायकाही हव्यात.”

“बायका कशाला?”

“कोडं त्यांच्याशिवाय सुटणार नाही,” बाई म्हणाल्या.

*

रविवारी व्हरांड्यात हीऽ गर्दी. व्यंकोजी आले, पण पायरीवर पाठ करून उभे राहिले. अनंतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. किंवा असं म्हणू या, की व्यंकोजींचं लक्ष नसेल तेव्हाच पाहिलं.

बाईंनी आधी अनंतराव, उदयसिंह आणि उमाकांत यांनाच आत घेतलं. रेकॉर्ड लागली. वीणा पत्र्यासारखी किंचाळली.

“हेंच!” अनंतराव म्हणाले. “ऐकलंत?”

“ऐकलं. आता दार उघडा.”

जमखाने अंथरले गेले. खिडक्यांना पडदे चढले. कौमुदीनं गाद्या भिंतींना टेकवून उभ्या केल्या, जाड कापडं स्पीकरांच्या मागे टांगली. मग वीसेक बायका सळसळत आल्या आणि मांडी घालून बसल्या. बाईंनी कशालाही हात न लावता तीच रेकॉर्ड पुन्हा सुरू करायला सांगितलं.

तारेवरून बोट सरकलं, आणि ते सरकणं ऐकू आलं.

अनंतराव मटकन खुर्चीत बसले.

“सुई कुणी बदलली नाही,” विद्युलताबाई म्हणाल्या. “बदलायला जपान गाठावं लागतं, आणि तुमच्याकडे मधे होता फक्त एक आठवडा. कार्ट्रिजही तेच, नंबर जुळतो. बनावट म्हणावं, तर पहिले चार दिवस ते उत्तम वाजलं. मग बिघडलं काय? ते उमाकांतरावांनी सांगितलं.”

“मी?” उमाकांत म्हणाले.

“तुम्ही. हेडफोन लावून तुम्हाला छान वाटलं. ज्यांना कान नाही, त्यांना तारेवरचं बोट ऐकू आलं आणि अनंतरावांना नाही. हेडफोनमध्ये सुई तीच, यंत्र तेच. फक्त एक गोष्ट मधून वगळली जाते, ती म्हणजे खोली. मी टाळी वाजवली, तर ती चारही भिंतींवरून परत आली. उघडी फरशी आणि भिंती आवाज परत फेकतात. कापड, गाद्या आणि माणसं तो पोटात घेतात. नवरात्रात हा हॉल भरलेला होता. दसऱ्यानंतर तुम्ही तो रिकामा केलात. यात चोर कुणीच नाही, अनंतराव. एकोणीस महिने तुम्ही सुईच्या टोकाकडे पाहिलंत, आणि घराकडे पाहायचं राहून गेलं.”

रेकॉर्ड चालूच होती.

“ती दुसरी खुर्ची का काढलीत?” बाईंनी हळू विचारलं.

“राजसची होती.” अनंतरावांचा आवाज चिरकला. “कोलू उतरवलों त्या दिवशीं हॉल ओका झाला. तिची खुर्ची पाहवेना मज. दिसली कीं रडूं यायचं. म्हणून अवघेंच काढलों.”

दारातले व्यंकोजी वळले. “मज वाटलं, मी नको म्हणून काढलास,” ते म्हणाले.

“तूं नको? तूं?” अनंतराव उठून उभे राहिले. “क्षमा कर रे. चुकलों मी.”

“मज सांगून काय उपयोग? ज्यास सांगितलंस, त्यास सांग.”

अनंतरावांनी तिथल्या तिथे फोन लावला. वीस बायका, दुकानदार, बाई, सगळ्यांसमोर ते मोठ्यानं म्हणाले, “सेक्रेटरीसाहेब, व्यंकोजीनं कांहीही घेतलं नाही. माझंच घर मी रिकामं केलों, आणि आळ त्याच्यावर घेतलों. हें माझ्या नांवानं अवघ्यांस सांगा.”

फोन ठेवून त्यांनी दाराकडे पाहिलं. व्यंकोजी चपला घालून फाटकाबाहेर गेले होते.

*

उमाकांतांनी त्यांना आवडी स्टेशनावर गाठलं. सेंट्रलपर्यंत दोघं समोरासमोर बसून गेले, एक अक्षर न बोलता. रस्ता ओलांडून पार्क स्टेशनात तांबरमची गाडी धरली, तरी तेच. समजूत घालावी म्हणून उमाकांतांनी तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही गिळली. सहा वर्षांत कुणाची समजूत घातली नव्हती, त्यामुळे सवय गेली होती.

गिंडी स्टेशन गेल्यावर व्यंकोजी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, “तो भला माणूस आहे. पण मज लागलं फार.”

“लागणारच,” उमाकांत म्हणाले.

“एकट्यास आतां तिकडे पाऊल उचलणार नाही माझं. पुढच्या रविवारीं तुम्हांस कांही काम आहे?”

उमाकांतांना कुठल्याच रविवारी काम नसायचं. पण हे विचारलं कुणी नव्हतं, त्यामुळे सांगायची वेळही आली नव्हती.

“नाही,” ते म्हणाले. “किती वाजता जायचं?”

व्यंकोजींनी थोडा विचार केला.

“त्यास चार म्हणून सांगूं. पण आपण तीनलाच पोचूं या. तो दोनपासून फाटकांत उभा राहील.”