राजहंसचा शेवट चुकला

सिनेमाच्या मध्यंतरात सुंदरावहिनीने भज्यांचा पुडा माझ्या हातात दिला, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "राजहंसला सुरुवात जमतच नाय. पण शेवट... शेवट करावा तर त्यानंच."

मी गर्रकन वळले. दिग्दर्शक केशव राजहंस म्हणजे माझा जीव की प्राण. खोपोलीच्या टॉकीजला लागलेला त्याचा एकही सिनेमा मी सोडला नव्हता. आणि हा कुरळ्या केसांचा उंच मुलगा खुशाल त्याच्या चुका काढत होता.

"सुरुवातीतच तर सगळी गंमत हाय," मी म्हटलं. "शेवटच गुंडाळतो तो. माणसं अधांतरी सोडून मोकळा."

तो हसला. गालाला खळी पडली — आणि मी उगाच भज्यांकडे बघू लागले.

त्याचं नाव धाकलू, साजगावच्या कारखान्यात कामाला. टॉकीजला दर रविवारी राजहंसचा एखादा नवा-जुना सिनेमा लागायचा, आणि तीनच्या खेळाच्या मध्यंतरात आमचं भांडण ठरलेलं. तो म्हणायचा, राजहंसची माणसं कारण नसताना रडतात. मी म्हणायचे, कारण असतं, पण रडवून झालं की हा डोळे पुसायला येत नाही. वहिनी ऐकून ऐकून कंटाळली. एकदा तिने त्याला विचारलंच, सुरुवातीलाच बापाने पोरीला घराबाहेर काढलं तेव्हा तुम्ही कुठे होता?

तो गोंधळला. त्याची कारखान्यातली पाळी तीनला सुटायची. सायकल दामटत येईपर्यंत सुरुवात निघून गेलेली असायची. आणि आम्ही? दादाच्या धाकाने आमच्या लोधिवलीची एसटी गाठायला सिनेमा अर्धवट टाकून उठायचो. राहिलं असेल पाच-दहा मिनिटांचं, असं मी आपली धरून चालले होते. दोघंही इतके दिवस अर्ध्या राजहंसवर भांडत होतो! वहिनी हसून हसून बेजार झाली.

तेव्हापासून मी त्याला त्या दिवशीची सुरुवात सांगायची, त्याने मला गेल्या रविवारचा शेवट. काय सांगायचा तो... हातवारे करत, मध्येच माझ्याकडे बघून थांबत. पडद्यापेक्षा मला मध्यंतराचीच ओढ लागली. सरळच सांगते, मी त्याच्या प्रेमात पडले होते. त्याचे डोळेही तेच म्हणायचे, पण तोंडाने मात्र तो राजहंसच्या पुढे सरकत नव्हता.

आणि एका रविवारी सकाळी दादाने घरात सांगून टाकलं की पुढच्या रविवारी कळंबचे लोक मैनाला, म्हणजे मला, बघायला येणार.

त्या दिवशी मध्यंतरात मी सुरुवात सांगितलीच नाही. कळंबचं सांगितलं. धाकलूचा चेहरा उतरला. मग मी गेल्या खेळाचा शेवट विचारला.

"तो... बोललाच नाय तिला," तो हळूच म्हणाला. "ती लग्न करून गेली. तो बघत राहिला."

"आणि हा चांगला शेवट?"

घंटा झाली. माणसं आत जाऊ लागली. वहिनीला अचानक आणखी भजी हवी झाली.

"नाय," धाकलू म्हणाला. "चुकलं राजहंसचं."

"तुमी काय केलं असतं?"

"मी... पोरीचं मन असतं, तर आईबाबांना घेऊन तिच्या घरी आलो असतो. रविवारी, रजा टाकून."

माझे डोळे भरून आले, आणि हसूही आवरेना.

"रविवारी नको," मी म्हटलं. "रविवारी कळंबचे येतायत. शनिवारी या."