पार्वतम्माच्या पोटातली जाळी

आंब्याची कोय चोखताना आई करायची तो आवाज महादेवप्पाच्या कानात पन्नास वर्षं होता. मायेचा आवाज. तोच त्याला परत ऐकू आला, आणि तेव्हापासून हा माणूस आंबा खात नाही. पोरांनो, महादेवप्पा माझा भवानी पेठेतला शेजारी. खोटं बोलणारा नव्हे.

तो एका लॅबमध्ये कामाला. तिथल्या मशीनमध्ये धागा ठेवला की डोळ्यांना न दिसणारा उजेड त्यावर पडतो, आणि धागा कशाचा ते रेघांनी उमटतं. अक्कलकोटकडच्या पार्वतम्माच्या पोटात हर्नियाच्या ऑपरेशनात आधाराला धाग्यांची जाळी बसवलेली. भोवतीचं मांस सडलं. डॉक्टरांनी जाळीसकट गोळा काढून लॅबला पाठवला, पण तिसऱ्या दिवशी बाई गेली.

त्या दुपारी तिचा मुलगा सोमलिंग आला. "काका, जाळी मशीनला घाला. पर मांस आईचं हाय. सकाळी तिच्यासंगं मातीत जाऊ द्या की."

"देतो रे बाळा."

मग लॅबच्या सरांचा फोन. "अहो, मांस चिकटलेलं असलं की मशीन मांसाचंच सांगतं. औषधात विरघळवा आणि मोरीत ओता. सकाळी मला धागा स्वच्छ पाहिजे."

वेळ अमावास्या, आमच्याकडचा शेतपूजेचा सण. सगळे शेतावर जेवायला गेलेले. रात्री पावणेआठला महादेवप्पानं एकट्यानं बरणी उघडली. मेलेल्या उंदराचा वास, त्यात काहीतरी गोड. जाळीच्या भोकाभोकातून बुळबुळीत मांस वाढलेलं. चिमटा लावला की पू ओढला जाई. तासाभरात नखाएवढंही सुटलं नाही.

शेवटी हात औषधाच्या बाटलीकडे गेला.

"माफ कर गं, पार्वतम्मा अव्वा."

दिवे गेले.

अंधारात... चप्.

मग चोखणं. सावकाश. शेवटची शीर सुटेपर्यंत...

तो हलला नाही.

दिवे आले. ताटलीत नुसती जाळी. पांढरी, निळ्या रेघांची. ओली. मांसाचा कण नाही. कडेचा एक निळा धागा तुटून गेलेला.

सकाळी मशीननं दोन मिनिटांत सांगितलं, पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे नुसतं प्लास्टिक. इतका स्वच्छ धागा सरांनी कधी पाहिला नव्हता.

महादेवप्पा रिकाम्या हातानं चाळीस किलोमीटरवर तिच्या गावी गेला. पार्वतम्माला त्यांच्या लिंगायत रीतीनं रात्रभर घरातच भिंतीशी बसवून ठेवलेलं. पुरण्याआधी सोमलिंगनं आईच्या तोंडात तीर्थ घातलं. बोट थांबलं. दातांच्या फटीतून त्यानं काहीतरी ओढून काढलं...

निळं. लांब.

त्यानं ते महादेवप्पाच्या तळहातावर ठेवलं, आणि खड्ड्याकडे चालत गेला.