चार बाराचे ठिगळ

चूक माझी होती, हे आधीच सांगते. वडिलांच्या अंत्यविधीनंतर मी त्यांच्या संगणकासमोर बसले. कोपऱ्यात 'अपडेट करा' असे लुकलुकत होते, त्यावर टिचकी मारली. घर आवरता आवरता फ्रिज पुसावा तशा भावनेने. लिनक्स या संगणकप्रणालीवर पंधरा वर्षे काढलेल्या माणसाच्या यंत्रावर असे करणे म्हणजे दुसऱ्याने विरजण लावलेले भांडे ढवळणे. ते मला तेव्हा कळले नाही.

त्यानंतर त्यांचा ब्राउझर उघडेना.

तो ब्राउझर बाजारातला नव्हता. एका खुल्या ब्राउझरचा मूळ कोड घेऊन, त्यात स्वतःचा एक बदल शिवून, वडील तो घरीच बांधत. त्या बदलाला ते ठिगळ म्हणत. ठिगळाचे काम एवढेच की, त्यांनी लिहिलेली पाने फक्त त्याच ब्राउझरमध्ये वाचता यावीत. दुसऱ्या कशातही उघडली की पडदाभर नुसता कचरा दिसे. अशा एका पानाचे नाव होते 'मेरन'. मेरन मी.

अकरा डिसेंबरला त्यांनी मला दोनदा फोन केला होता. तीन अठ्ठावन्नला आणि चार बाराला. मी लॉन्सेस्टनच्या ग्रंथालयात एका बैठकीत होते आणि फोन टेबलावर पालथा होता. साडेपाच वाजता शेजारच्या वर्नाला ते किनाऱ्यावर सापडले. केल्पचे, म्हणजे समुद्री शेवाळाचे, जाड पट्टे ओढायचा दोर मुठीतच होता.

म्हणून जानेवारीच्या शेवटी आठवड्याची रजा काढून मी वडिलांच्या बेटावर, किंग आयलंडला आले. शुक्रवारी दुपारचे नऊ जणांचे विमान, सामानाला दहा किलोची मर्यादा, आणि शनिवारी घरात भाडेकरू. पान वाचायचे तर त्याआधी.

मूळ कोड डिस्कवर होता. तो कंपाइल करून, म्हणजे बांधून, बसवायचा, म्हणजे तीन-चार आज्ञा. कागदावर.

सोमवारी पहिली आज्ञा दिली. यंत्र म्हणाले, अमुक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा अमुक गठ्ठा, नाही. ती आणली. मग म्हणाले, तिला लागणारी तमुक नाही. तीही आणली. ती जास्तच नवी निघाली. बेटावरचे इंटरनेट एखाद्या म्हाताऱ्यासारखे जिना चढत होते, दर पायरीवर थांबत. संध्याकाळपर्यंत मी सव्वीस लायब्रऱ्या आणल्या. ग्रंथालयात बावीस वर्षे काम करून 'लायब्ररी' या शब्दाचा इतका राग कधी आला नव्हता.

होबार्टहून भावाचा, ब्रॅमचा, फोन आला.

"झालं का तुझं?"

"नाही."

"अगं, तो डबा कचऱ्यात टाक. डॅडनी पाण्याच्या टाकीचं वेळापत्रक लिहिलं असेल त्यात."

"असेना का."

"मग टाकीत वाकून बघ. पाचच मिनिटं लागतात."

"ब्रॅम, फोन ठेव."

मंगळवारी सकाळी सव्वीसही लायब्रऱ्या जागेवर होत्या. मी पुन्हा सुरू केले. दहा वाजून बारा मिनिटांनी एक नवीन ओळ आली. ठिगळाच्या फाइलमधला शेवटचा बदल एक लाख चौऱ्याण्णव हजार चारशे सेकंद पुढचा आहे. घड्याळ चुकले असावे. बांधणी अपुरी राहू शकते.

पुढचा म्हणजे भविष्यातला. फाइल अजून बदलायची होती, आणि बदलली म्हणून नोंद मात्र झालेली होती.

याला साधे कारण असते, ते मी शोधले. संगणकाच्या आत घड्याळासाठी नाण्याएवढी बॅटरी असते, ती मेली की वेळा बिघडतात. इंटरनेटवरच्या चर्चेच्या पानांवर दहातले नऊ जण तेच सांगत होते. संगणकाचे घड्याळ माझ्या फोनशी तंतोतंत जुळत होते, तरी मी बॅटरी बदलायचे ठरवले. दुकानात नव्हती. शुक्रवारच्या बोटीने येईल, असे उत्तर मिळाले.

"माझ्या काट्यात तसलीच आहे बघ," वर्ना म्हणाली. तिने पीठ तोलायचा काटा उलटा करून नखाने झाकण उघडले. "घे. मी अंदाजाने घालीन."

"तुम्हाला लागेल ना, वर्ना."

"सत्तर वर्षं स्कोन करतेय, पोरी. हाताला माहीत असतं."

बॅटरी घातली. लिनक्समध्ये फाइलची वेळ आत्ताची करायची एक आज्ञा आहे, तिचे नाव 'टच'. फाइल उघडायचीसुद्धा नाही, नुसता हात लावायचा. मी हात लावला. वेळ मंगळवारची झाली. बांधणी पुन्हा सुरू केली आणि वडील करत तसे तिला तिच्या मार्गाने जाऊ देऊन किनाऱ्यावर निघून गेले.

बुधवारी सकाळी नऊ बाराला तीच ओळ. एक लाख अकरा हजार सहाशे सेकंद.

मी पुन्हा हात लावला. फाइलच्या वेळेची यादी पाहिली: बुधवार. चहा ओतून आले, यादी पाहिली: गुरुवार.

मग पाठकोऱ्या कागदावर हिशेब केला. मंगळवारचा आकडा आणि बुधवारचा आकडा एकाच ठिकाणी जाऊन टेकत होते. गुरुवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटे.

ती वेळ मला माझ्या फोनमधल्या नोंदीवरून माहीत होती.

दुपारी बांधणी मोडली. फाइल मध्येच संपली आहे, कंस बंद झालेला नाही, असे यंत्र म्हणाले. मी पहिल्यांदाच ठिगळाची फाइल उघडून वाचली. एकेचाळीस ओळी. वडिलांची सवय अशी की, प्रत्येक बदलाखाली ते आद्याक्षरे, तारीख आणि त्या दिवसाचा वारा लिहीत. वेधशाळेतली नोकरी सुटली, वारा लिहायचा सुटला नाही. एकेचाळिसाव्या ओळीखाली काहीच नव्हते. नव्या ब्राउझरसाठी ते नवे ठिगळ शिवत होते आणि टाका अर्ध्यात राहिला होता.

म्हणजे ही फाइल कोणीतरी पुरी केल्याशिवाय पान उघडणार नव्हते. मला ते येत नव्हते. मी आयुष्यभर इतरांची पुस्तके जागेवर लावली. एवढ्यासाठी तीन दिवस घालवल्याचा मला असा संताप आला की मी कीबोर्ड उचलून परत खाली ठेवला, आणि तो वाकडा ठेवला गेला म्हणून सरळ केला.

वर्ना स्कोन घेऊन आली. एरवी पावासारखे फुगणारे ते आज भाकरीसारखे चपटे होते.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "ओव्हन म्हातारा झालाय."

मी तिला कागद दाखवला. तिने चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले.

"तुझा डॅड, लिंडसे, म्हणायचा, माझ्या हातून काहीही वेळेवर होत नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "उद्या मी येऊन बसू का?"

"बसा."

गुरुवारी साडेतीनला मी इंटरनेटची तार काढली. चारला कीबोर्डची काढली. पडद्यावर फक्त फाइलचे नाव, ओळींची संख्या आणि वेळ दिसत होती. दर दहा सेकंदांनी ती यादी आपोआप ताजी होईल असे मी आधीच करून ठेवले होते. मला पुरावा हवा होता, कशाचा ते माहीत नव्हते.

वर्नाने विणकाम आणले होते. तिने सुया पिशवीतून काढल्या नाहीत.

चार दहा. एकेचाळीस ओळी.

"चहा ठेवू?" वर्नाने विचारले.

"नको."

चार अकरा. एकेचाळीस.

खोलीत ओल्या केल्पचा वास आला. खिडकी बंद होती.

चार बारा.

एकेचाळीस.

मग अठ्ठावन्न.

वर्नाने माझे मनगट धरले. मी तिचे धरलेले होतेच.

पाच मिनिटांनी मी तार जोडली आणि फाइल उघडली. सतरा ओळी नव्या होत्या. कंस बंद होता. खाली वडिलांची आद्याक्षरे 'एल. टी.', मग आजची तारीख, मग वारा: नैऋत्य, चौतीस नॉट.

वर्ना उठून खिडकीपाशी गेली. दोरीवरच्या चादरी कुठल्या बाजूला उडताहेत ते तिने पाहिले.

"नैऋत्यच आहे," ती म्हणाली. मग ती तिची पिशवी न घेताच घरी गेली.

मी बांधणी सुरू केली. यंत्राने कसलीही तक्रार केली नाही.

शुक्रवारी सकाळी ब्राउझर तयार होता. बसवला. उघडला. बाहेर ऊन होते, रस्त्यावरून दुधाचा टँकर चीजच्या कारखान्याकडे गेला.

'मेरन' उघडण्याआधी मी त्या पानाची वेळ पाहिली. मला आता ती सवय लागली होती. अकरा डिसेंबर, दुपारी तीन वाजून एकावन्न मिनिटे. पहिल्या फोनच्या सात मिनिटे आधी. त्यानंतर त्याला कोणी हात लावला नव्हता.

पान लहान होते.

'मेर, आता तुला फोन करणार आहे. तू कामात असशील. उचलला नाहीस तर मनाला लावून घेऊ नकोस, मी काही फार शहाणपणाचं बोलणार नव्हतो. टाकीची झडप डावीकडे फिरवायची, ब्रॅम उजवीकडे फिरवतो. लायब्रऱ्यांवर चिडू नकोस, सव्वीसच आहेत.

'आणि निघायच्या आधी वर्नाची बॅटरी तिला परत दे. बुधवारचे स्कोन बसले ते ओव्हनमुळे नाही.'