रिकाम्या खुर्चीची सावली

रोहिणी उशिरा पोचली, तर वर्गात एकच जागा उरलेली — हर्षलच्या शेजारची. नाशिक रोडच्या एका कॉलनीतल्या हॉलमध्ये उज्वलाताई दर रविवारी नवशिक्यांना चित्रकला शिकवायच्या. नियम असा की शेजाऱ्याशी कागद बदलायचा, आणि एक चांगलं, एक चुकलेलं तोंडावर सांगायचं.

त्या दिवशी खिडकीजवळची रिकामी खुर्ची काढायची होती. हर्षलची तर काढून झालीही होती.

"रेघ छान आहे हो," रोहिणी म्हणाली. "पण खुर्चीत कुणीच नाही, मग भिंतीवर सावली बाईची कशी?"

"दिसली तशी काढली..." तो लाजला. "तुमच्या रेघा मात्र घाबरट आहेत."

"मी नाही कुणाला घाबरत!"

पण अंगावर काटा आलाच. सावलीच्या अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती. रोहिणीच्याही होती. आणि ती यायच्या आधीच त्याने ते चित्र पुरं केलं होतं.

तरी ती येत राहिली. मनमाडहून रेल्वेची नोकरी सांभाळून येणारा हा मुलगा चुका इतक्या गोड सांगायचा की ती मुद्दाम करायची. मनातलं मात्र तो बोलत नव्हता. आणि आज संध्याकाळी दिंडोरीची मंडळी तिला बघायला येणार होती. आईला होकार हवा होता. हर्षल आजही गप्प राहिला, तर ती देणार होती.

आज उज्वलाताईंनी तिलाच खुर्चीत बसवलं. ऊन आत आलं आणि तिची सावली भिंतीवर पडली — अगदी त्या कागदावरची. थोडी दूर एका पुरुषाचीही होती. तिथे तर कुणीच उभं नव्हतं! बाकीचे खाली मान घालून रेघा ओढत होते.

हर्षलने कागद पुढे केला. त्यावर दोन्ही सावल्या होत्या.

"तुम्हालाही दिसते?" ती कुजबुजली. "कुणाची आहे?"

तो उठून खिडकीपाशी उभा राहिला. त्याची सावली त्या सावलीत अलगद जाऊन बसली.

"घाबरून यायच्या बंद व्हाल, म्हणून बोललो नाही... मला तुम्ही आवडता, रोहिणी. आता चूक सांगा."

तिचे हात गार पडले होते, आणि मन आनंदाने भरून आलं होतं.

"चूक एकच... तू फार लांब उभा आहेस. संध्याकाळी मला बघायला पाहुणे येताहेत. त्यांच्या आधी येशील?"

हर्षल जागचा हलायच्या आत भिंतीवरची त्याची सावली सरकून तिच्या सावलीला बिलगली. रोहिणीने ते पाहिलं, पण नजर वळवली नाही.

"आईबाबांना मनमाडहून गाडीत बसायला सांगतो," तो म्हणाला.